कोर्टाची पायरी आणि खिशातला फोन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. म्हण जुनी आहे आणि तिच्यात अनुभवाचा अर्क आहे, हे मला मान्य आहे. परंतु पायरी चढावी की न चढावी हे नेहमी आपल्या हाती नसते. बांधावरून भावकीत वाद होतो, घराची वाटणी अडते, रस्त्यावर अपघात आपल्या डोळ्यांदेखत घडतो आणि एके दिवशी बेलीफ किंवा पोलीस शिपाई समन्स घेऊन दारात उभा राहतो. मग शहाण्यालाही पायरी चढावीच लागते. तेव्हा ती कशी चढावी, वर गेल्यावर कसे वागावे आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशात जो फोन असतो त्याचे तेथे काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. तो तसा नाही. वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा महाराष्ट्रात ज्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, ते महादेव गोविंद रानडे हे स्वतः न्यायाधीश होते. लोकशिक्षण आणि न्यायदान ही दोन कामे त्यांनी एकाच आयुष्यात केली. न्यायालयाचा कारभार लोकांना समजला पाहिजे, ही अपेक्षा म्हणून अशा व्यासपीठावर परकी ठरू नये.

भंडारदऱ्याच्या माणसाला न्यायालय म्हटले की प्रथम आठवते ते अकोले. राजूरवरून खाली उतरावे, तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यापुढे उभे राहावे. मोठे प्रकरण असेल तर संगमनेर किंवा जिल्ह्याचे ठिकाण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, गाठावे. आणि त्याहून वर जायचे तर मुंबई उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ. सकाळची पहिली एस. टी. धरून निघालेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून तेथे पोहोचतो. अशा माणसाचा एक दिवस केवळ नियम ठाऊक नसल्यामुळे फुकट जाऊ नये, हाही ह्या विवेचनाचा एक हेतू आहे.

न्यायालयाविषयी आपल्या बहुतेकांच्या कल्पना चित्रपटांतून आलेल्या आहेत. पडद्यावर न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, वकील साऱ्या दालनभर येरझारा घालीत भाषण करतात. प्रत्यक्षात यातले फारसे काही दिसत नाही. गीतेवर हात ठेवण्याची सक्ती कायद्यात नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो, किंवा ईश्वराचे नाव घ्यावयाचे नसेल तर प्रतिज्ञेवर सत्य सांगतो. दोन्हींचे वजन सारखेच. दालनात आवाज असतो तो शिपायाच्या पुकाऱ्याचा, टंकलेखनाचा आणि पंख्याचा. न्यायाचे काम पुष्कळसे कंटाळवाणे असते, आणि ते तसे असावे हेच बरे. कारण जेथे मनुष्याच्या जमिनीचा, अब्रूचा किंवा स्वातंत्र्याचा निर्णय व्हावयाचा तेथे रंगत नको, शांतता हवी.

आता वर्तनाचे नियम पाहू. न्यायाधीश आसनावर येताना व उठताना सर्वांनी उभे राहावे. आत शिरताना आणि बाहेर पडताना न्यायासनाकडे मान लववावी. आपसात बोलू नये, पान-तंबाखू खाऊ नये, दुसऱ्याचे काम चालू असता मधून जाऊ नये. आपल्या नावाचा पुकारा झाला की पुढे होऊन हजर आहे म्हणून सांगावे. आपला वकील बोलत असता आपण मध्ये बोलू नये; वकील नसेल तर विचारले तेवढ्याचे उत्तर द्यावे. प्रतिपक्षाशी तोंडातोंडी करू नये; जे सांगायचे ते न्यायाधीशांस उद्देशून सांगावे.

ह्या नियमांत राजेशाहीचा वास येतो, अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. त्या तक्रारीत तथ्याचा अंश आहे. इंग्रजी अमदानीतील काही संबोधने आजही वकिलांच्या तोंडी आहेत. परंतु वकील परिषदेने २००६ साली ठराव करून उच्च न्यायालयांसाठी साधी आदरार्थी संबोधने सुचविली आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ अथवा प्रादेशिक भाषेतील तशाच अर्थाचा शब्द चालेल असे ठरविले. म्हणजे अकोल्याच्या न्यायालयात ‘साहेब’ म्हणणारा शेतकरी काही चुकत नाही. शिवाय १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. इंग्रजी येत नाही म्हणून तेथे खाली मान घालून उभे राहण्याचे कारण कोणासही नाही.

उभे राहण्याचा खरा अर्थ असा की आपण व्यक्तीला मान देत नसून त्या आसनाला देतो. ज्या न्यायाधीशापुढे आपण उभे राहतो त्याच्यापुढेच आपला प्रतिपक्षही उभा राहतो. जमीनदार उभा राहतो आणि कूळही उभे राहते, पोलीस अधिकारी उभा राहतो आणि आरोपीही उभा राहतो. बाहेर ज्यांच्यात उच्चनीच आहे ते सारे त्या दालनात एका पातळीवर येतात. शिस्त ही दुबळ्याची ढाल आहे; कारण आरडाओरड करण्याची मुभा मिळाली तर ज्याचा घसा मोठा आणि ज्याच्यामागे माणसे जास्त, त्याचेच ऐकले जाईल.

न्यायासनाचा मान राखणे म्हणजे निर्णयापुढे मान तुकविणे नव्हे. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला आठवावा. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, अनेक दिवस भाषण केले, प्रत्येक मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडला. ज्यूरीतील नऊपैकी सातांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाही त्यांनी उच्चारलेले शब्द निर्भय होते, पण असभ्य नव्हते. १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्याच उच्च न्यायालयात त्या शब्दांचा शिलालेख बसविण्यात आला. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच पुढे आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर कोरून घेतले. मर्यादा राखून केलेला विरोध किती दूर पोहोचतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मर्यादा मोडली तर काय होते? चालू कामात न्यायाधीशाचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा कामात व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. असा प्रकार न्यायालयासमक्ष घडला तर त्या माणसाला थांबवून ठेवून, त्याचे म्हणणे ऐकून, त्याच दिवशी न्यायालय उठण्यापूर्वी एक हजार रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८४ ने दिलेला आहे. हा अधिकार दिवाणी व फौजदारी न्यायालयांप्रमाणे महसुली न्यायालयासही आहे, हे लक्षात ठेवावे. मनापासून माफी मागितली तर सोडून देण्याचीही तरतूद आहे. ह्याहून गंभीर प्रकार १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाखाली उच्च न्यायालयापुढे जातो. आणि त्याच अधिनियमात असेही आहे की खुद्द न्यायाधीशही आपल्या न्यायालयाच्या अवमानाबद्दल जबाबदार ठरू शकतो. मर्यादा एकतर्फी नाही.

येथे एक शंका साहजिक आहे. न्यायालय जर सर्वांना खुले आहे, तर तेथे जे चालते ते फोनवर टिपून घेतले म्हणून बिघडले काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट दिले पाहिजे.

न्यायालय खुले आहे हे खरे. दालनात जागा असेल तितक्या कोणाही नागरिकाला तेथे बसून ऐकता येते. फौजदारी न्यायालयाविषयी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आणि दिवाणी न्यायालयाविषयी दिवाणी प्रक्रिया संहितेत तसे स्पष्ट म्हटले आहे. खटला उघड्यावर चालला की साक्षीदार खोटे बोलण्यास कचरतो, वकील जपून बोलतो आणि न्यायाधीशावरही लोकांची नजर राहते. बंद दाराआडच्या न्यायावर विश्वास बसत नाही. तरीही ‘खुले’ ह्या शब्दाचा अर्थ ‘मोकाट’ असा नाही. हा भेद समजण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या प्रवरेवरचे विल्सन धरण १९१० साली बांधावयास घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. त्यातले सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी लोकांसाठीच आहे. पण ते दरवाजातून सोडावे लागते, नदीवाटे ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जावे लागते आणि तेथून कालव्यांत पाळीपाळीने वाटावे लागते. तेच पाणी भिंत ओलांडून एकदम सुटले तर जी शेते भिजवायची तीच ते वाहून नेईल. माहितीचेही तसेच आहे. दरवाजा असलाच पाहिजे, आणि तो मुद्दाम बंदही ठेवता कामा नये. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

फोनने होणारे नुकसान चार प्रकारचे आहे.

पहिले साक्षीचे. ज्या साक्षीदाराची साक्ष अजून व्हायची आहे त्याने दुसऱ्याची साक्ष चालू असता दालनाबाहेर थांबावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. का? समजा, रात्री एका वाटेवर मारामारी झाली आणि ती तिघांनी पाहिली. पहिला सांगतो, चांदणे होते. दुसऱ्याने ते ऐकलेले नाही. तो सांगतो, काळोख होता. ह्या फरकातूनच न्यायाधीशाला सत्याचा माग लागतो. आता दालनात बसलेल्या कोणी फोनवरून बाहेरच्याला दोन ओळी पाठविल्या की, ‘चांदणे होते असे सांग,’ तर तो फरक पुसला गेला. दार बंद, शिपाई उभा, तरी भिंतीला भगदाड पडले. निरपराध माणूस तुरुंगात जाण्यास किंवा अपराधी सुटण्यास एवढे पुरे आहे.

दुसरे भीतीचे. साक्षीदार हा बहुधा साधा माणूस असतो. उद्या त्याला त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर जायचे असते. पिंजऱ्यात उभे असता समोरून कोणी आपले चित्र घेत आहे, हे त्याने पाहिले की त्याची जीभ अडखळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू केली ती ह्याच भीतीची दखल घेऊन. धमकी तोंडाने द्यावी लागत नाही; फोन उगारला तरी ती पोहोचते.

तिसरे अब्रूचे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांची सुनावणी कायद्याने बंद दालनात होते आणि अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. पतिपत्नींच्या वादातही बंद दालन मागता येते. आपल्या जिल्ह्यातील कोपर्डीची २०१६ ची घटना आपण विसरलेलो नाही. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा दिली. त्या काळात सारा महाराष्ट्र संतापाने पेटलेला होता, आणि संताप योग्यच होता. परंतु अशा वेळी सहानुभूतीपोटी एखादे छायाचित्र, एखादे नाव पुढे पाठवणारा मनुष्यही कायदा मोडतो आणि त्या कुटुंबाच्या जखमेवर मीठ चोळतो, हे ध्यानात यावयास हवे.

चौथे नुकसान अर्धसत्याचे. उलटतपास तीन तास चालतो. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून गावभर फिरविला तर ऐकणाऱ्यास वाटते, साक्षीदार फुटला. न्यायाधीशांनी सहज विचारलेला प्रश्न हाच निकाल आहे असेही वाटते. न्यायाधीश दोन्ही बाजूंना अडचणीचे प्रश्न विचारतात, ते निर्णय झाला म्हणून नव्हे, व्हायचा आहे म्हणून.

ही काळजी आजची नाही. इंग्लंडने १९२५ च्याच एका कायद्याने न्यायालयात छायाचित्रे घेण्यास बंदी केली. अमेरिकेत वैमानिक लिंडबर्ग यांच्या बालकाच्या अपहरण व खुनाचा खटला १९३५ साली चालला, तेव्हा छायाचित्रकार व बातमीदारांनी त्या लहानशा गावाची जत्रा करून सोडली. पुढे १९३७ साली तेथील वकिलांच्या संघटनेने न्यायालयात कॅमेरा नको असे ठरविले. आपल्याकडे कॅमेरा नसताही काय होऊ शकते ते १९५९ च्या नानावटी खटल्याने दाखविले. वृत्तपत्रांतून एवढा गाजावाजा झाला की खटला दालनात चालला आहे की रस्त्यावर, असा प्रश्न पडावा. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि शेवटी शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका व्यापारी साक्षीदाराने विनंती केली की आपली साक्ष वर्तमानपत्रांत येऊ नये. आधीच्या साक्षीच्या बातमीने आपल्या धंद्याचे नुकसान झाले आहे. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती मान्य केली. नरेश मिरजकर आदी पत्रकारांनी ह्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी सातारचे सुपुत्र, सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. मार्च १९६६ मध्ये निकाल लागला. बहुमताने ठरले की खटला उघडपणे चालणे हा नियमच आहे. परंतु न्याय होण्यासाठीच आवश्यक असेल तेथे अपवाद करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास आहे, आणि प्रस्तुतचा आदेश खटला चालू असेपर्यंतच लागू आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांना हे पटले नाही. खुल्या खटल्याची बातमी दाबणे त्यांच्या मते घटनेच्या चौकटीत बसत नव्हते.

ह्या मतभेदात मला आपल्या विषयाचे मर्म दिसते. बहुमताने दरवाजा असण्याची गरज सांगितली. भिन्नमताने दरवाजा बंद करणाऱ्या हातावर नजर ठेवण्याची गरज सांगितली. नागरिकाने दोन्ही ऐकावे. मर्यादा असावी, पण ती साक्षीदाराच्या, पीडिताच्या आणि न्यायाच्या रक्षणासाठी; कोणाची गैरसोय झाकण्यासाठी नव्हे. आणि ती शक्य तितकी थोडी व थोड्या काळापुरती असावी.

न्यायालयांनीही हळूहळू हा विचार पुढे नेला आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनात्मक महत्त्वाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण करण्यास मान्यता दिली. मात्र पतिपत्नींचे वाद, लैंगिक अत्याचार, बालकांची प्रकरणे अशांना त्यातून वगळले. प्रत्यक्ष प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी घटनापीठापुढे शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते आणि सरन्यायाधीशपदी उदय लळीत होते. महाराष्ट्राच्या राजकारणावरचा युक्तिवाद महाराष्ट्रातील माणसाने घरात बसून ऐकला. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानेही काही पीठांपुरते थेट प्रक्षेपण सुरू केले.

मग ज्याचे चित्र न्यायालय स्वतः दाखविते ते आपण घेतले तर काय बिघडले? फरक असा की न्यायालयाचे चित्रण अखंड असते, कोणते प्रकरण दाखवायचे व कोणते नाही याचा विचार आधी झालेला असतो, आणि गरज पडली तर ते तेथेच थांबविता येते. खिशातला फोन यातले काहीच पाळत नाही. म्हणून परवानगीवाचून ध्वनिमुद्रण वा चित्रण करण्यास मनाई कायम आहे. इंग्लंडसारखा एकच कायदा आपल्याकडे नाही. उच्च न्यायालयांचे नियम, न्यायाधीशांचे आदेश आणि अवमानाचा कायदा यांच्या आधारे ही मनाई चालते. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात सुनावणीचे विनापरवाना ध्वनिमुद्रण करताना एक जण सापडला, तेव्हा न्यायालयाने एक लाख रुपये भरावयास लावले. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अतिसुरक्षित आवारात छायाचित्रे व चित्रफिती घेण्यास परिपत्रक काढून बंदी केली. मौजेखातर काढलेली चित्रफीत किती महाग पडू शकते, हे यावरून दिसेल.

फोनला न्यायालयाचा शत्रू मात्र समजू नये. आपल्या प्रकरणाची पुढली तारीख कोणती हे कळण्यासाठी पूर्वी अकोल्याला खेप घालावी लागे. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो आणि तो ई-कोर्टाच्या सेवेत घातला की तारीख घरबसल्या दिसते. साक्षही दुरून होऊ शकते. मुंबईतील एका वैद्यकीय खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घेता येईल का, असा प्रश्न निघाला असता सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली होकार दिला. त्या खटल्यातील डॉक्टर पुढे निर्दोष ठरले, हेही सांगितले पाहिजे. २०२० च्या महामारीत तर हीच वाट राजमार्ग झाली. पण पडद्यापुढे बसलो तरी आपण दालनातच आहोत, हे विसरू नये. २०२१ साली अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये एका वकिलाचा चेहरा पडद्यावर मांजरीचा दिसू लागला आणि ‘मी मांजर नाही’ असे त्यांना न्यायाधीशांस सांगावे लागले. ती चूक निष्पाप होती, सारे हसले. परंतु २०२५ साली गुजरात उच्च न्यायालयाच्या सुनावणीस एक गृहस्थ चक्क शौचालयात बसून हजर राहिले, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. पडद्यावरून हजर व्हायचे तर शांत जागा, नीटनेटका पोषाख, आपली पाळी नसता आवाज बंद आणि शेजारी पढविणारा कोणी नाही, एवढे पथ्य पाळावेच.

फोन हा पुरावाही असतो, आणि येथे लोकांची फार फसगत होते. ‘माझ्याजवळ सारे रेकॉर्डिंग आहे’ असे म्हणून माणूस निर्धास्त राहतो. जालन्याचा निकाल त्याने ऐकावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आक्षेप घेतला की उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला, आणि त्यासाठी निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा आधार घेतला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडणे अनिवार्य आहे. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा पुरावा असेल तर तो कापू नये, जोडू नये, पुसू नये. ज्या फोनमध्ये मुळात उतरला तो फोन जपून ठेवावा आणि वकिलास दाखवावा. गावभर पाठविलेली चित्रफीत न्यायालयात उपयोगी पडतेच असे नाही. जपून ठेवलेली पडू शकते.

शेवटी कोणी विचारील, फोन बंद केल्यावर माझ्या हाती राहिले काय? न्यायालयात माझ्यावर अन्याय झाला तर मी दाखवू काय? पुष्कळ काही राहते. कागद व पेन्सिल घेऊन बसण्यास आडकाठी नाही. साक्ष लिहून घेतली जाते आणि साक्षीदारास वाचून दाखविली जाते. चूक असेल तर त्याच वेळी सांगावे. रोज काय झाले ते रोजनाम्यात येते. निकालाची, साक्षीची, आदेशाची नक्कल अर्ज करून मिळते, आणि तिला फोनमधल्या कोणत्याही तुकड्यापेक्षा अधिक किंमत आहे. निकाल पटला नाही तर अपील आहे. न्यायाधीशाविषयी रास्त भीती असेल तर प्रकरण दुसरीकडे नेण्याचा अर्ज करता येतो. वकील करण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीतील व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अटही नाही. आपल्या डोंगरी भागातील किती घरांना ही तरतूद लागू पडते, हे सांगावयास नको. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करावी.

तेव्हा समन्स आले तर घाबरू नये. वेळेआधी पोहोचावे, फलकावर आपले प्रकरण कितवे आहे ते पाहावे, घरच्यांना सांगायचे ते दाराबाहेर सांगून घ्यावे आणि फोन बंद करून मगच उंबरा ओलांडावा. नुसता मुका करून भागत नाही. मुका फोनही हात खुणावतो. खूपच निकड असेल, घरी कोणी अत्यवस्थ असेल, तर वकिलामार्फत न्यायाधीशांस सांगावे. परवानगी देणे न देणे त्यांच्या हाती आहे, पण विचारलेले कोणास वाईट वाटत नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव महाराष्ट्रात अजून आदराने घेतले जाते, ते त्यांनी सत्ताधाऱ्याची भीड धरली नाही म्हणून. आजच्या न्यायाधीशावर सत्तेची भीड जशी असता कामा नये, तशीच गर्दीचीही असता कामा नये; आणि आजची गर्दी न्यायालयाच्या दाराशी जमत नाही, ती आपल्या मुठीतल्या लहानशा काचेत जमते. दोन तास ती काच अंधारी ठेवणे ही पिंजऱ्यात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला आपण केलेली मदत आहे. आज तो आहे, उद्या आपण असू. पायरी चढताना एवढे मनात असले की पुरे.